गाव कोणी वसवलं?

 

मी नागपूरच्या लकडगंजमध्ये राहते. बचत गटांची समन्वयक आहे. आठवड्यातले चार दिवस माझे कुही, मौदा, भिवापूर तालुक्यांतल्या गावांत जातात. आज मी हप्ता, व्याज, कर्जफेड यांतलं काहीच बोलणार नाही. आज एका वाटेची गोष्ट सांगते. त्या वाटेनं चालता चालता गाव कसं वसतं, तेही बघू.

गेल्या वर्षी पोळा झाल्यावर कुही तालुक्यातल्या एका गावात गटाची मासिक बैठक होती. वेळ अकराची. साडेबारा वाजले तरी निम्म्या बाया आलेल्या नव्हत्या. मी अध्यक्षताईंना म्हटलं, "आज काय झालं?" त्या म्हणाल्या, "ताई, तलावाची वाट बंद झाली. आता वळसा घालून जावं लागते. धुणं, ढोरं, सारंच उशिरा होते."

गाव आणि तलाव यांच्या मधे एक शेत आहे. त्या शेताच्या कडेनं पांदण जाते. शेत नुकतंच विकलं गेलं होतं. नव्या मालकानं चारही बाजूंनी काटेरी तार ओढली, त्यात पांदणही गेली. बाया बोलायला गेल्या. मालकानं शांतपणे विचारलं, "ही वाट कुठं लिहिली आहे? कागद दाखवा."

बाया गप्प झाल्या. तेवढ्यात मागून एक आजी बोलल्या. सत्तरीच्या पुढच्या असतील. "मले कागद वाचता येत नाही बाप्पा. पण ह्या वाटेनं माह्या सासूची सासू पाणी आणत होती. गाव बसलं तवापासूनची वाट आहे."

मी सहज विचारलं, "आजी, गाव कधी बसलं?"

कोणालाच सांगता आलं नाही. एकीनं मालगुजारांचं नाव घेतलं, त्यांनी वसवलं म्हणाली. दुसरीनं गोंडराजाचं नाव घेतलं. शाळेत आठवीत शिकणाऱ्या एका पोरीनं 'माझे गाव' असा प्रकल्प केला होता, तिनं वही आणून दाखवली. तिच्यात मालगुजारांचा वाडा, हनुमानाचं मंदिर आणि ग्रामपंचायतीचं बांधकाम एवढंच होतं. आजी हसल्या. म्हणाल्या, "वाडा बांधला तं बांधला. पण वाड्यात पाणी कोणी भरलं?"

तो प्रश्न घेऊन मी घरी आले. रात्री झोप लागेना. मी बी. ए. ला इतिहास घेतला होता. लढाया आणि सन पाठ केले होते. पण एक गाव पहिल्यांदा कसं उभं राहतं, हे मी कधी धड वाचलंच नव्हतं. मग वाचायला बसले. जे समजलं ते तुम्हाला सांगते.

सुरुवात माझ्या घराजवळून करते. लकडगंज म्हणजे लाकडाचा बाजार. आजही इथं लाकडाची दुकानं आहेत, आरामशीनचा आवाज येतो. जवळच हिवरीनगर आहे. मी रोज ऑटोतून तिथून जाते, पण 'हिवरी' हे एका गावाचं नाव होतं, हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. हिवर नावाचं काटेरी झाड असतं, तुम्हाला माहीत आहे. हिवरा, हिवरी अशी गावांची नावं आपल्याकडे जागोजागी सापडतात.

नागपूर शहर कसं झालं, त्याची गोष्ट अशी. देवगडला गोंडांचं राज्य होतं. हे देवगड आज मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात आहे. तिथला राजा बख्त बुलंद शहा. त्यानं १७०२ च्या सुमारास नाग नदीच्या काठची बारा लहान गावं जोडून नगर वसवलं. त्या बारा गावांना मिळून 'राजापूर बारसा' म्हणत. त्यांची नावं अशी सांगतात: राजापूर, रायपूर, हिवरी, हरिपूर, वानडे, सक्करदरा, आकरी, लेंडरा, फुटाळा, गाडगे, भानखेडा आणि सीताबर्डी.

आता विचार करा. राजानं नगर वसवलं खरं, पण बारा गावं तर आधीच होती. तिथं चुली पेटत होत्या, विहिरीवर दोर ओढले जात होते, लेकरं जन्मत होती. राजाचं नाव राहिलं आणि त्या बारा गावांत पहिली चूल मांडणाऱ्यांचं एकही नाव राहिलं नाही. शिवाय बारापैकी काही नावं आजही रोज आपल्या तोंडी आहेत. सीताबर्डीला आपण खरेदीला जातो, सक्करदऱ्याला जातो, फुटाळ्याचा तलाव बघायला जातो. काही नावं मात्र आज नागपुरात कोणाला विचारली तर जागा दाखवता येत नाही. गाव संपायला पूर किंवा आग लागत नाही. त्याचं नाव आणि वाटा कोणी सांगेनासं झालं की गाव संपतं.

बख्त बुलंद शहाबद्दल आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. इंग्रजांचा नागपूरचा रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स यानं १८२७ मध्ये या मुलखाचा मोठा अहवाल लिहिला. त्यात तो सांगतो की या राजाच्या काळात ठिकठिकाणचे कष्टाळू लोक येऊन गोंडवनात वसले, हजारो गावं नव्यानं उभी राहिली, शेती आणि कारागिरी वाढली. म्हणजे आपल्या भागातली कितीतरी गावं 'आलेल्या' माणसांची आहेत. आधी गोंड होतेच. मग कोणी दक्षिणेकडून आलं, कोणी वऱ्हाडातून, कोणी उत्तरेकडून. कुणबी आले, तेली आले, कोष्टी आले, महार, ढिवर, लोहार, कुंभार सारे होते. म्हणून 'आम्ही मूळचे आणि तुम्ही बाहेरचे' असं गावात कोणी म्हणालं, तर जरा थांबावं. दोनचार पिढ्या मागं गेलं की बहुतेक घरं कुठून तरी आलेलीच निघतात.

आता गाव बसायचं कसं? पहिली गोष्ट पाणी. नदी, नाला, झरा किंवा तलाव करता येईल अशी खोलगट जागा. दुसरी गोष्ट जमीन. जुनी माणसं गावाचे दोन भाग सांगतात, पांढरी आणि काळी. घरांची जागा ती पांढरी, पिकाची जमीन ती काळी. पांढरी उंचवट्यावर घेत, म्हणजे पावसाळ्यात घरात पाणी शिरत नाही. आपल्याकडच्या महसुली कागदांत घरांच्या जागेला आबादी म्हणतात. पांढरीच्या कडेला मातामाय, वेशीवर मारुती, एका बाजूला ढोरं जमा करायचा आखर आणि चारही बाजूंनी शिव. एवढं ठरलं की गाव झालं.

आणि हे सारं एकमेकांना जोडायला वाटा. पांढरीपासून पाण्यापर्यंतची वाट सगळ्यांत आधी पडते. ती कोणी मोजून आखत नाही. डोक्यावर गुंड घेऊन रोज जाणाऱ्या बायांच्या पायांनी ती पडते. आजी म्हणाल्या होत्या ना, गाव बसलं तवापासूनची वाट? ते खरंच होतं.

आपल्या पूर्व विदर्भात तर तलावाशिवाय गाव नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या जिल्ह्यांत मिळून साडेसहा हजारांहून जास्त जुने तलाव आहेत. त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात, लोक थोडक्यात 'मामा तलाव' म्हणतात. नाव मालगुजारांचं असलं तरी यांतले कितीतरी तलाव मालगुजारीच्या आधीचे, गोंडराजांच्या काळातले आहेत. चांद्याच्या हिरशहा राजाची गोष्ट इंग्रज अधिकाऱ्यांनीही लिहून ठेवली आहे. जो जंगल तोडून गाव वसवेल त्याला ते गाव आणि जो तलाव बांधेल त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन, असा त्याचा हुकूम होता म्हणतात. या कामात कोहळी समाजाचा हात मोठा. पाळ कुठं घालायची, पाट कसा काढायचा, कोणत्या बांधीत किती पाणी सोडायचं, यात ही माणसं पटाईत होती.

गोंदिया जिल्ह्यातलं नवेगाव बांध तुम्ही ऐकलं असेल. तो तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. लोकांनी पुढे त्यांना देव मानलं. कोलासूर देव म्हणून त्यांचं ठाणं तिथं आहे. तलावाभोवती डोंगराची सात टोकं आहेत, त्यांना 'सात बहिणी' म्हणतात. तलाव बांधताना या सात बहिणींनी मदत केली, असं तिथले लोक सांगतात. मला हे वाचून आजींचा प्रश्न आठवला. पाटलाचं नाव राहिलं. बहिणी सात होत्या, माती त्यांनीही वाहिली असेल, पण त्यांचं एकीचंही नाव गोष्टीत नाही. त्या नुसत्या डोंगर झाल्या.

मग हा मालगुजार कुठून आला? तेही समजून घेऊ, कारण आपल्या वाटेचा कागद तिथंच आहे.

बख्त बुलंदचा मुलगा चांद सुलतान यानं नागपूरला राजधानी केली, शहराभोवती तट बांधला, जुम्मा तलाव केला. तोच आजचा गांधीसागर. १७३९ मध्ये चांद सुलतान वारला आणि गादीवरून भांडण लागलं. तेव्हा त्याची राणी रतनकुंवर हिनं वऱ्हाडातून रघुजी भोसल्यांना मदतीला बोलावलं. पुढं काही वर्षांत भोसल्यांचंच राज्य झालं. भोसल्यांच्या काळात गावाचा पाटील सरकारचा सारा वसूल करून भरायचा. नवी माणसं आणून पडीत जमीन लागवडीला लावायची, त्यांना बी आणि बैल द्यायचे, हेही त्याचंच काम. पण गाव त्याच्या मालकीचं नव्हतं.

१८५३ मध्ये तिसरे रघुजी वारले, त्यांना मुलगा नव्हता. इंग्रजांनी राज्य खालसा केलं. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि त्याच दशकात जमिनीचा मोठा बंदोबस्त झाला. तेव्हा इंग्रजांनी सारा वसूल करणाऱ्यालाच गावाचा मालक करून टाकलं. तोच मालगुजार. एका सहीनं अख्खं गाव एका माणसाच्या नावावर झालं. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणारे त्याची कुळं झाले. म्हणून आज कुठल्याही गावात 'गाव कोणी वसवलं' असं विचारलं की मालगुजारांचं नाव येतं. ते कागदावरचं पहिलं नाव आहे. माणसं त्याच्या कितीतरी आधीपासून राहत होती.

पण त्याच बंदोबस्तात एक चांगलं कामही झालं. गावोगावच्या वहिवाटी विचारून लिहून घेतल्या गेल्या. त्या कागदाला म्हणतात वाजिब-उल-अर्ज. शब्द अवघड आहे, दोनदा म्हणा म्हणजे तोंडात बसेल. वाजिब-उल-अर्ज. कोणाच्या शेतातून कोणाची वाट आहे, पाट कुठून जातो, मासे कोणी धरायचे, असल्या रिवाजांची ती नोंद. अशा चौकशीत गावची शिव कुठून जाते, हे सांगायला गावच्या महार कोतवालाचा शब्द मोठा मानला जायचा. ज्यांना विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, त्यांच्याच आठवणीवर गावाच्या हद्दी टिकून होत्या. हे आपण विसरू नये.

स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये मालगुजारी मोडण्याचा कायदा झाला आणि ३१ मार्च १९५१ पासून तो लागू झाला. तलाव, पडीत, जंगल सरकारकडे आलं. मग गावकऱ्यांच्या रोजच्या गरजेचं काय? ढोरं कुठं चारायची, सरपण कुठून आणायचं, मुरूम, माती कुठून काढायची? यासाठी गावागावाचं निस्तार पत्रक तयार झालं. निस्तार म्हणजे रोजची गरज भागवणं. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही आपल्या विदर्भासाठी निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या दोन्हींची सोय ठेवली आहे.

हे मला समजलं आणि मी दुसऱ्या दिवशी अध्यक्षताईंना फोन केला. म्हटलं, "ताई, वाट लिहिलेली असू शकते. शोधू या."

आम्ही पाच जणी गेलो. आधी तलाठ्यांकडे, मग तहसीलच्या रेकॉर्ड रूमकडे. नकलेचा अर्ज केला, कोर्ट फीचं तिकीट लावलं. दोन चकरा वाया गेल्या. एकदा साहेब नव्हते, एकदा अर्जावर गावाचं जुनं नाव आणि आताचं नाव वेगळं पडलं. तिसऱ्या वेळी मजुरी बुडवून येणारी एक बाई म्हणाली, "ताई, आता माह्यानं होत नाही." मी तिला काही म्हणू शकले नाही. गटानं ठरवलं, तिच्या त्या दिवसाची मजुरी गटाच्या जमा रकमेतून द्यायची. ठरावबुकात तसं लिहिलं. ती आली.

नक्कल मिळाली. अक्षर जुनं, भाषा अर्धी हिंदी वळणाची. आठवीतल्या त्या पोरीनं बोट ठेवून ठेवून वाचलं. गावातून तलावाकडे जाणारी वाट, तिच्या कडेच्या शेताचा जुना नंबर आणि 'माणसं व ढोरं यांची वहिवाट' अशी नोंद. गावाच्या नकाशात तीच वाट तुटक रेषेनं दाखवलेली. तो नकाशा भूमी अभिलेख कार्यालयातून मिळाला.

पोरीनं ते मोठ्यानं वाचलं तेव्हा आजी मधे बसल्या होत्या. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "मी तं हेच सांगत होती."

गटानं अर्ज ग्रामसभेत ठेवला. ठराव झाला. त्या दिवशी शेतमालकही आले होते. त्यांनी नक्कल दोनदा वाचली. म्हणाले, "मला विकणाऱ्यानं हे सांगितलंच नव्हतं." त्यांनी एक बैलगाडी जाईल एवढी जागा सोडून तार मागं घेतली. तहसीलदारांकडेही अर्ज दिला आहे, लेखी आदेश अजून यायचा आहे. पण वाट सुरू झाली.

इथं एक कामाची गोष्ट लक्षात ठेवा. शेतातली वहिवाटीची वाट कोणी अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. 'आज बोलू, उद्या बोलू' करत बसलं तर मुदत निघून जाते.

मैत्रिणींनो, वाट मिळाली. पण मला एक गोष्ट खटकत राहिली. त्याच कार्यालयात आम्हाला जुनं कोतवाल बुकही बघायला मिळालं. पूर्वी गावात जन्म-मृत्यू झाला की कोतवाल त्याची नोंद करायचा. आजकाल जातीच्या दाखल्यासाठी लोक ते शोधतात, तुम्हाला माहीत आहे. आजींच्या सासरच्या घरातली एक नोंद सापडली. बापाचं नाव होतं. जात होती. तारीख होती. मुलाच्या रकान्यात एकच शब्द, 'मुलगी'. जन्मलेलीचं नाव नाही आणि जिनं जन्म दिला तिचंही नाव नाही.

आजींना वाचून दाखवलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ही माही नणंद असन. गंगा. देवीच्या रोगानं गेली." बघा, कागदाला जे माहीत नव्हतं ते आजींना माहीत होतं.

आपण बाया तर प्रत्येक गावात नव्यानं वसतो. बाप शोधून देतो त्या गावात जातो, नवी पांढरी, नवी वाट, नवी विहीर शिकतो. गावातल्या कितीतरी माणसांचा जन्म त्या गावात झालेलाच नसतो, त्या सुना असतात. त्यांनी आपल्या माहेरचं बी आणलेलं असतं, लोणच्याची रीत आणलेली असते, जात्यावरची गाणी आणलेली असतात. गाव वसवण्याचं काम एकदा होऊन संपत नाही. दर लग्नाच्या मोसमात ते चालू असतं.

आणि काही गावं तर आपल्या डोळ्यांसमोर नव्यानं बसली. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. वैनगंगेच्या पाण्याखाली कुही तालुक्यातली आणि भंडारा जिल्ह्यातली कितीतरी गावं गेली, त्यांची पुनर्वसनं झाली. अशा एका नव्या गावठाणात आमचा गट आहे. तिथल्या एका काकूंना मी विचारलं, "नव्या गावात पहिल्यांदा काय आणलं?" मला वाटलं, भांडी म्हणतील, ट्रंक म्हणतील. त्या म्हणाल्या, "मातामायचे दगड आणले. बैलगाडीत पोत्यावर ठेवले, वर लुगडं घातलं. बाया मागून पायी आल्या. माय आली, मग वाटलं गाव आलं." हे काकूंनी पाहिलेलं आहे, त्यांच्या नातवानं नाही. आणखी तीस वर्षांनी 'हे गाव कोणी वसवलं' असं तो विचारेल, तेव्हा त्याच्या हातात काय असेल? योजनेचं नाव आणि प्लॉटचा नंबर. काकूंची बैलगाडी कोणत्या रजिस्टरात सापडणार आहे?

उलटही होतं. आपल्या भागात ओसाड गावाला रिठी म्हणतात. कागदावर गाव असतं, शिव असते, पण माणूस नसतो. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळून निघाला. दुष्काळानं, रोगराईनं माणसं उठून जायची. रिठीवर गेलात तर एखादी बुजलेली विहीर, चिंचेचं झाड, मातामायचे दोन दगड दिसतात. आपल्या शिवारात अशी रिठी असेल, तर तीही आपल्याच गावाच्या गोष्टीचा भाग आहे. कदाचित तुमच्याच गल्लीतली चार घरं तिथून आलेली असतील.

म्हणून आज एक काम सांगते. प्रत्येक गटानं एक दोनशे पानी वही घ्यावी. हिशोबाच्या वहीपासून वेगळी. तिच्यावर गावाचं नाव लिहावं. आणि चार गोष्टी लिहायला सुरुवात करावी.

पहिली, नावं. गावाचं नाव कशावरून पडलं? मोहगाव मोहावरून, चिचोली चिंचेवरून, पळसगाव पळसावरून, बोडीचं गाव बोडीवरून. गावाचं नाव तर लिहाच, पण शेतांची, टेकड्यांची, बोड्यांची नावंही लिहा. 'भुताची बांधी', 'सतीचा माळ', जे असेल ते. ही सगळीच नावं सातबारावर असतात असं नाही.

दुसरी, घरं. प्रत्येक आडनावाचं घर कुठून आलं, किती पिढ्यांपूर्वी आलं, काय काम करत होतं. गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, साऱ्या वस्त्या. एक वस्ती सोडली तर वही खोटी झाली असं समजा.

तिसरी, पाणी आणि वाटा. कोणती विहीर जुनी, कोणी कुठं पाणी भरत होतं, कोणाला भरू देत नव्हते, हेही लिहा. लाज वाटली तरी लिहा. आणि मग निस्तार पत्रक, वाजिब-उल-अर्ज आणि गाव नकाशा यांच्या नकला काढून वहीत चिकटवा. कोणी वाट अडवायच्या आधी काढा.

चौथी, बाया. प्रत्येक घरातली आठवते ती सगळ्यांत जुनी बाई, तिचं नाव, तिचं माहेर. एवढंच. एका ओळीत मावतं. आजींच्या नणंदेची ओळ आमच्या गटाच्या वहीत पहिली आहे: गंगा, लहानपणी देवीच्या रोगानं गेली.

घाई करा, कारण सांगणाऱ्या आज्या थांबणार नाहीत. लिहिता न येणाऱ्या बायांनी सांगावं, लिहिता येणाऱ्या पोरींनी लिहावं. आमच्या त्या आठवीतल्या पोरीनं आपला शाळेचा प्रकल्प पुन्हा लिहिला. वाडा तिनं काढून टाकला नाही, तोही गावाचाच आहे. पण आता पहिल्या पानावर तलाव आहे, तलावापासून पांढरीपर्यंत एक तुटक रेषा आहे, आणि त्या रेषेवर तिनं डोक्यावर गुंड घेतलेल्या बाया काढल्या आहेत.

परवा बैठकीला गेले तेव्हा अकरा वाजता साऱ्या बाया हजर होत्या. वाट जवळची झाली होती ना.

बरं मैत्रिणींनो, वही सुरू केली की आपल्या केंद्रावर कळवा. पुढच्या वेळी तुमच्या वहीतलं एक पान आपण इथं वाचू. नमस्कार.